सुटलो खरा

जुन्या वह्या आवरताना सोळा वर्षांपूर्वीचा एक कागद हाती लागला. लांज्याच्या बुद्धिबळ स्पर्धेतला, २००९च्या मे महिन्यातला, माझ्याच हस्ताक्षरातला. पांढरी मोहरी माझी, काळी गुरुजींची. एकसष्ट खेळ्या आणि शेवटी ‘बरोबरी’ हा शब्द. त्या शब्दापुढे मी कंसात लिहून ठेवले होते: ‘जिंकलेला डाव. गुरुजींनी घोडा फुकट घालवला, तरी मला मात करता आली नाही.’

हे वाक्य मी पुढे अनेकदा सांगितले. गुरुजी २०१४ साली गेले, तेव्हा शोकसभेतही सांगितले. वार्धक्यात नजर ढळली तरी पटावरून न उठणारा माणूस, असे चित्र मी त्यावरून उभे केले होते. लोकांचे डोळे पाणावले होते आणि माझेही.

कागद पुन्हा वाचावासा वाटला त्याला निमित्त झाले नागपूरच्या दिव्या देशमुखचे. जुलै २०२५मध्ये बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिची गाठ कोनेरू हंपीशी होती. दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत गेला आणि दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. एकोणिसाव्या वर्षी ती विश्वचषकाची मानकरी आणि भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. त्या डावाचा निकाल लागला तो शेवटच्या टप्प्यात, पट जवळजवळ रिकामा झालेला असताना आणि घड्याळ संपत आलेले असताना. बाहेर लांज्याचा पाऊस कोसळत होता, वीज येत-जात होती, आणि मला आमचा तो रिकामा पट आठवत होता.

गुरुजी मूळचे कणकवलीकडचे, नोकरीनिमित्त लांज्यात स्थिरावलेले. ते देशी पद्धतीने खेळ शिकले होते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते, आजच्यासारखा किल्लेकोट नसतो आणि प्याद्याने केलेली मात विशेष मानाची. आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी चाळिशीनंतर आत्मसात केले, तेही वर्तमानपत्रांतले डाव कापून आणि वहीत चिकटवून. खाडिलकर भगिनींचे डाव त्या वहीत होते. रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, त्यावरून वाद झाला आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय द्यावा लागला, हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितले. मला उंट-घोडे ओळखायला शिकवले तेही त्यांनीच.

आता डावाकडे वळतो. सुरुवात इटालियन पद्धतीची होती. राजांची प्यादी समोरासमोर आली, घोडे निघाले आणि तिसऱ्या खेळीला माझा उंट सी४ घरात आला. हा पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट लक्षात ठेवावा, कारण या कथेचा नायक तोच. दोघांनी किल्लेकोट केला. मी उंट बी३ला मागे घेतला, गुरुजींनी त्यांचा काळ्या घरांवरचा उंट ए७ला नेला. दहाव्या खेळीला त्यांनी दुसरा उंट ई६वर आणून माझ्या उंटासमोर उभा केला. अदलाबदल करा, असे ते निमंत्रण होते. मी ते नाकारले आणि उंट सी२वर नेला. चांगल्या उंटावर माझा जीव होता. चाल चुकीची नव्हती, पण त्या क्षणी गुरुजींना माझ्याविषयी एक गोष्ट कळली असावी: हा गडी या उंटाला शेवटपर्यंत सोडणार नाही.

मध्यपर्वाचे फार वर्णन करत नाही. ई पट्टी मोकळी झाली, हत्ती गेले, वजीर गेले, मला एक प्यादे जास्त मिळाले. एका ठिकाणी गुरुजींना आपला उरलेला घोडा देऊन माझा तो उंट मारता येत होता. त्यांनी मारला नाही. कागदावर त्या चालीपुढे मी तेव्हा प्रश्नचिन्ह काढले आहे. ते प्रश्नचिन्ह कोणासाठी होते, हे आज विचारावेसे वाटते.

अठ्ठेचाळिसाव्या खेळीला पटावर एवढेच उरले होते: माझा राजा ई३वर, उंट, आणि जी३ व एच४ ही दोन प्यादी. त्यांचा राजा डी६वर, घोडा डी७वर आणि ए६वर एकुलते एक प्यादे. मी उंट डी३वर आणून त्या प्याद्यावर रोखला. घोडा बी८वर नेला असता तर प्यादे वाचले असते. गुरुजींनी राजा ई७वर नेला. मी प्यादे मारले. राजा एफ७वर गेला. मी माझा राजा एफ३वर आणला. त्यांचा राजा जी७वर पोहोचला. मी उंट पुन्हा डी३वर आणला. घोडा एफ६वर आला. मी जीचे प्यादे जी४ला ढकलले, आणि गुरुजींनी घोड्याने ते मारले. माझ्या राजाने घोडा मारला.

‘प्यादे विसरले, मग घोडा विसरले’, हे माझे तेव्हाचे वाचन.

आता नुसता पट पाहावा. माझ्याकडे उरला उंट आणि एच पट्टीवरचे प्यादे. ते प्यादे वजीर होणार एच८ या घरात. ते घर काळे. माझा उंट पांढऱ्या घरांवरचा. त्या कोपऱ्यातून तो राजाला कधीही हुसकावू शकत नाही. काळा राजा कोपऱ्याजवळ असेल तर उंट आणि प्यादे एवढे वरचढ बळ असूनही डाव जिंकता येत नाही. हे अंतिम पर्वाच्या कोणत्याही पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांत असते. मला ते ठाऊक नव्हते. एकसष्टाव्या खेळीला माझा राजा जी६वर, उंट सी४वर, प्यादे एच६वर आणि त्यांचा राजा एच८वर होता. शह नाही, आणि हलायला घरही नाही. बरोबरी.

मग मागे जात गेलो तसा एकेक ‘चूक’ गळून पडू लागली. ए पट्टीवरचे प्यादे राखत बसले असते तर राजा कोपऱ्यापासून दूर राहिला असता. त्यांनी ते प्यादे देऊन राजाला जी७ गाठायला वेळ मिळवला. घोड्याने एचचे प्यादे मारून उपयोग नव्हता, कारण जीचे उरले असते आणि ते मला पुरले असते. जी५वर पोहोचलेले प्यादे मारूनही उपयोग नव्हता, कारण मी एचच्या प्याद्याने घोडा मारला असता आणि तेच प्यादे जी पट्टीवर आले असते. म्हणजे घोड्याने मारायचे ते जीचेच प्यादे, आणि तेही जी५ला पोहोचण्याआधी. मी आधी उंट ई२वर नेला असता आणि राजा पुढे काढून घोड्याला हुसकावले असते, तर डाव माझ्या बाजूने जिवंत राहिला असता. मी घाई केली. संगणकाला विचारले तर त्याने माझ्या चालीनंतर केवळ शून्य दाखवले. चौदा चालींपूर्वी मी ज्याला प्रश्नचिन्ह दिले होते, ती चालही आता निराळी दिसली. घोडा देऊन उंट घेतला असता तर हा बचाव उरलाच नसता. त्यांना माझा उंट हवा होता, पण माझ्याकडेच.

हे सर्व त्यांनी इतक्या आधीपासून पाहिले होते का? ते सांगता येणार नाही. पण शेवटच्या पाच चाली तरी एका सूत्रात बांधलेल्या आहेत. विसराळूपणा असा ओळीने नेमका येत नाही.

विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे मांडले. वर्गात मी ते दर वर्षी शिकवतो. संहिता वाचा, चरित्र बाजूला ठेवा, असे मुलांना बजावतो. आणि माझ्यापुढे एकसष्ट ओळींची, एकही संदिग्ध शब्द नसलेली संहिता असताना मी वाचत होतो त्यांचे वय, जाड भिंगांचा चष्मा आणि चाल करताना थरथरणारा हात. म्हातारा माणूस घोडा देतो म्हणजे तो चुकतो, हे मी पट न पाहताच ठरवले होते. त्या वाचनात करुणा होती, म्हणून ते मला खरे वाटले. करुणेने केलेले वाचनही आळशी असू शकते, हे मला उशिरा कळले.

डाव संपल्यावर मी त्यांना म्हणालो होतो, ‘‘दमलात ना गुरुजी? घोडा हातून सुटला.’’ ते सोंगट्या डब्यात भरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘सुटलो खरा.’’

त्यांच्या गावाकडच्या बोलीत ‘तो गेला’चे ‘तो गेलो’ होते. घरगुती बोलण्यात ते अशीच रूपे वापरत. म्हणून मी ते ‘हो, घोडा सुटला खरा’ असे ऐकले आणि माझे वाचन पक्के झाले. पण स्पर्धेच्या सभागृहात, चारचौघांत गुरुजी नेहमी प्रमाण मराठी बोलत. प्रमाण मराठीत ‘सुटलो खरा’चा कर्ता एकच: मी.

श्लेष शिकवताना आता मला दुसरे उदाहरण लागणार नाही. त्या कंसातले वाक्य मी खोडले नाही. त्याच्या खाली तारीख घालून एवढेच लिहिले: ‘गुरुजींनी डाव वाचवला.’ शोकसभेत जमलेल्यांपैकी जे आहेत, त्यांनाही ते एकेकट्याला सांगायला सुरुवात केली आहे.