डार्ट लागल्यावर वाघ लगेच पडत नाही

चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेल्या काही वर्षांत एका प्रकारचे व्हिडिओ फार फिरतात. धानाच्या बांधीत किंवा नाल्याकाठच्या झुडपात वाघ बसलेला असतो. थोड्या अंतरावर वनविभागाची गाडी आणि तिच्यात डार्टची बंदूक घेतलेला माणूस. मागे दीड-दोनशे लोक, झाडांवर चढलेली पोरे, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. ‘फट्’ असा बारीक आवाज होतो. वाघ दचकून उठतो, मागे वळून बघतो आणि चालत चालत झुडपात शिरतो. गर्दीतून कोणीतरी ओरडतो, ‘नेम चुकला!’ दुसरा म्हणतो, ‘इंजेक्शन नकली आहे.’

बहुतेक वेळा नेम चुकलेला नसतो आणि इंजेक्शनही खरे असते. भुलीच्या औषधाला रक्तात पसरायला वेळ लागतो, एवढेच. पाच मिनिटे, दहा मिनिटे, कधी पंधरा. तेवढ्या वेळात वाघ चालतो, लडखडतो, बसतो, पुन्हा उठतो. सिनेमात मात्र सुई मानेत घुसली की हत्तीसुद्धा जागच्या जागी कोसळतो. लहानपणापासून आपण तेच पाहिले आहे, म्हणून समोरचा वाघ चालत निघाला की आपल्याला वाटते काहीतरी फसले.

हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. इथल्या माणसाला घाई असते आणि त्या घाईला कारण असते. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन महिला तेंदूपाने तोडायला जंगलात गेल्या आणि वाघिणीच्या हल्ल्यात तिघीही गेल्या. अशा गावाला ‘थोडे थांबा’ म्हणून सांगणे सोपे नाही. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागात मिळून १३ माणसे मारणारा सीटी-१ वाघ १३ ऑक्टोबर २०२२ ला वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडला गेला. त्याआधी किती दिवस माणसे मचाणावर बसून होती, किती वेळा तो जवळ येऊन निघून गेला, हे बातमीत दोन ओळींत उरकते. डार्ट मारायचा तर जनावर वीस-तीस मीटरच्या टप्प्यात यावे लागते आणि शांत असावे लागते. त्याचे वजन नजरेने जोखून औषध भरायचे. कमी पडले तर तो उठून बसणार, जास्त झाले तर श्वास थांबणार. गर्दीने पाठलाग केला, दगड मारले, आरडाओरडा केला तर घाबरलेल्या वाघावर औषध आणखी उशिरा चढते. तो पडला तरी काम संपत नाही. भुलीतही त्याचे डोळे उघडे असतात, त्यांवर फडके बांधायचे. उन्हाळ्यात अंगावर पाणी ओतत राहायचे, नाहीतर ताप चढून तो दगावतो. नाल्यात पडला असेल तर आधी त्याचे तोंड पाण्याबाहेर काढायचे.

लोक जेव्हा म्हणतात की ‘एका फटक्यात पाडा’, तेव्हा ते सिनेमाची भाषा बोलत असतात आणि वनविभागाच्या माणसांनी तिला शरण जावे अशी त्यांची अपेक्षा असते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अवनी वाघीण गोळीने मारली गेली. डार्ट आणि गोळी यांच्यात नेमके काय घडले, यावर खूप वाद झाला. तो वाद मुळात मधल्या वेळाचाच होता. त्या प्रकरणाची छाया असलेला ‘शेरनी’ हा सिनेमा २०२१ मध्ये आला. मला तो आवडला, कारण त्यात बंदुकीपेक्षा फायली आणि बैठकाच जास्त चालतात. त्याच दिग्दर्शकाचा, अमित मसुरकरांचा, २०१७ चा ‘न्यूटन’ आमच्या सीमेपलीकडच्या छत्तीसगडच्या जंगलात घडतो. निमलष्करी दलाचा अधिकारी निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात बंदूक देतो आणि तिचे वजन त्याला जाणवून देतो, असा प्रसंग त्यात आहे. हिंदी सिनेमात बंदुकीला वजन असते हे मी तिथे पहिल्यांदा पाहिले. एरवी नायक चार किलोची बंदूक एका हाताने छत्रीसारखी फिरवतो.

आमच्या नानांची बंदूक चांगलीच जड होती. मूलच्या बाजूला त्यांची धानाची शेती होती आणि शेती संरक्षणाच्या परवान्यावर एक नळीची ठासणीची बंदूक. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. रात्री ते जागलीला जायचे. रानडुकरांचा कळप बांधीत शिरला की उजाडेपर्यंत वर्षाची मेहनत तुडवून जातो. भरमार भरायची पद्धत अशी: नळीत मोजून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासायचे, शेवटी मागे टोपी बसवायची. हे सगळे कंदिलाच्या उजेडात आणि मचाणावर. सरावाच्या हातालाही मिनिटभर लागायचे. पावसाळ्यात दारू ओली झाली तर घोडा नुसताच ‘टक्’ करून थांबायचा. आणि उडालीच तर एवढा पांढरा धूर व्हायचा की डुक्कर कुठे गेले ते नानांना दिसायचेच नाही. बहुतेक वेळा ते हवेतच उडवायचे. डुक्कर पळाले की काम झाले.

त्या आवाजाने नानांचा डावा कान गेला. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचे डोके थोडे वळलेले असते, त्यामुळे डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो. नाना जेवायला बसले की आम्ही पोरे त्यांच्या उजव्या बाजूला जागा धरायचो, नाहीतर आमचे बोलणे त्यांना ऐकू येत नसे. पडद्यावर बंद खोलीत दहा माणसे दहा मिनिटे गोळ्या झाडतात आणि लगेच हळू आवाजात प्रेमाचे बोलतात. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४० च्या वरचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. सायलेन्सर लावला की ‘प्युक’ असा आवाज येतो, ही आणखी एक थाप. सायलेन्सरने वीस-तीस डेसिबल कमी होतात. राहिलेला आवाज शेजारच्या घरातल्या झोपलेल्या बाळाला उठवायला पुरेसा असतो.

गडचिरोलीतल्या चकमकींवर सिनेमे निघतात तेव्हा जंगलातला प्रत्येक माणूस एके-४७ घेऊन असतो आणि त्याची मॅगझिन कधी संपत नाही. १३ नोव्हेंबर २०२१ ला ग्यारापत्तीजवळ मर्दिनटोल्याच्या जंगलात मोठी चकमक झाली. २६ नक्षलवाद्यांचे मृतदेह सापडले, मिलिंद तेलतुंबडे त्यात होता. सी-६० चे चार जवान जखमी झाले. जप्त शस्त्रांची यादी तेव्हा छापून आली होती: २९ शस्त्रे, त्यांत ५ एके-४७, ग्रेनेड लाँचर बसवलेली आणखी एक एके, ९ एसएलआर, १ इन्सास, ३ थ्री-नॉट-थ्री, ९ सिंगल बॅरल आणि १ पिस्तूल. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा एका वेळी एकच गोळी सोडणाऱ्या बंदुकांचा. ती यादी वाचून मला त्या नऊ सिंगल बॅरलवाल्यांचा विचार आला. एक गोळी झाडायची, नळी मोडायची, रिकामे काडतूस काढायचे, नवे घालायचे. समोरून काय येत असेल त्याचा अंदाज करा.

एके-४७ चेही गणित आहे. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या हा तिचा वेग आणि मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. ट्रिगर दाबून धरला तर तीन सेकंदांत सगळे रिकामे. सिनेमातला नायक अर्धा मिनिट दाबून धरतो, म्हणजे दहा मॅगझिन. भरलेली एक मॅगझिन पाऊण-एक किलोची, तेव्हा दहांचे ओझे किती, हे जंगलात चार-चार दिवस पायी फिरणाऱ्या जवानाला विचारावे. पाणी, तांदूळ, प्लास्टिकचा कागद आणि गोळ्या, सगळे पाठीवर. आपल्या इन्सासची रचनाच अशी केली होती की एका दाबात जास्तीत जास्त तीन गोळ्या सुटाव्यात. गोळी मोजून वापरायची वस्तू आहे, हे ती बनवणाऱ्यांना ठाऊक होते.

‘शोले’ला ते ठाऊक होते. १९७५ चा सिनेमा, पण गब्बर आपल्या तीन माणसांसमोर पिस्तुलातल्या सहापैकी तीन गोळ्या हवेत उडवतो आणि चक्र फिरवतो, तो प्रसंग आजही लोकांना तोंडपाठ आहे. त्यातली सगळी भीती मोजण्यातून येते. शेवटी पुलावर जयकडच्या गोळ्या संपत येतात, वीरू आणखी आणायला निघतो, आणि जय हळूहळू मरतो. नंतरच्या सिनेमांनी हे मोजणे सोडून दिले. ‘केजीएफ’च्या दुसऱ्या भागात नायक मशीनगन चालवून तिच्या लाल झालेल्या नळीवर सिगारेट पेटवतो. नळी तापते हे खरे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला लगेच भद्रावती आठवली. तिथल्या आयुध निर्माणीत तोफगोळे भरले जातात आणि कामावर जाणाऱ्याला काडीपेटी आत नेता येत नाही. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. दारूगोळ्याजवळ सिगारेट ओढणारा नायक पाहून त्या वसाहतींतल्या घरांत टाळ्या पडत असतील असे वाटत नाही.

एक गोष्ट जाता जाता. पडद्यावर एके-४७ कोणाच्या हातात द्यायची हेही ठरलेले असते. एक तर डोळ्यांत सुरमा आणि डोक्यावर टोपी, नाहीतर कपाळाला पट्टी बांधलेला आदिवासी. आपल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. मला त्यात मजा वाटते ती याची, की माझ्या ओळखीचा सुरमा घालणारा एकमेव बंदूकवाला म्हणजे आमचे नाना, आणि त्यांची बंदूक वर्षातून दोन-तीनदाच उडायची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, पावती फडक्यात बांधून पेटीत.

माझा भाचा मोबाईलवर बीजीएमआय खेळतो, पूर्वी पबजी खेळायचा. त्याला बंदुकांची नावे माझ्यापेक्षा जास्त येतात. गेममध्ये अर्धी मॅगझिन संपली असताना रीलोड केले की उरलेल्या गोळ्या आपोआप हिशेबात परत जमा होतात, जणू बँकेत खाते आहे. खरे तर त्या गोळ्या काढलेल्या मॅगझिनमध्येच असतात. खिशात ठेवली तर तुमच्या, घाईत जमिनीवर टाकली तर गेल्या. मला जास्त खटकते ते मेडकिट. गोळी लागली तर सहा-आठ सेकंदांत पुन्हा धडधाकट. भामरागडहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो. जखमी जवानाला हेलिकॉप्टर मिळते आणि तो नागपूरला पोहोचतो. मधल्या वेळात मांडीला घट्ट आवळून रक्त थांबवणारा साथीदारच त्याला वाचवतो. त्यानंतरचे महिने, सळ्या, फिजिओथेरपी, थंडीत दुखणारे हाड, हे कोणत्याच गेममध्ये नाही.

आडोशाचेही तसेच. नायक टेबल आडवे करतो, झोपडीच्या भिंतीमागे बसतो आणि वाचतो. आमच्याकडच्या गावांत घराच्या भिंती कुडाच्या असतात, बांबूच्या तट्ट्यांवर माती लिंपलेली. रायफलची गोळी अशा भिंतीतून आरपार जाते आणि पलीकडे चूल, शेळी किंवा माणूस असू शकते. आणि १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंग फुटून १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक मारला गेला, त्या दिवशी त्यांच्या हातातल्या चांगल्या बंदुकांना काही करायला वावच मिळाला नव्हता.

१५ ऑक्टोबर २०२५ ला भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. ५४ शस्त्रे ठेवली गेली, त्यांत ७ एके-४७ आणि ९ इन्सास. भाच्याने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारले, ‘मामू, एकसष्ट लोगां में सिर्फ सात एके?’ मी हो म्हणालो. मग त्याने विचारले, पणजोबांची बंदूक भरायला किती वेळ लागायचा. मी सांगितले. त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने मोबाईलवर स्टॉपवॉच लावले आणि झाडूची दांडी उभी धरून मी सांगेन तसे करू लागला: दारू, चिंधी, गज, छर्रे, चिंधी, गज, टोपी. एक मिनिट दहा सेकंद लागले, आणि तेही ट्यूबलाईटच्या उजेडात.