बांगड्या मोडण्याआधी कागद-पेन्सिल

"मोठेपणी काय होणार?" असं मुलांना विचारलं की पूर्वी डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस अशी उत्तरं यायची. आता मागच्या बाकावरून एक नवं उत्तर येतं, "सर, गेम बनवणार." घरी हे ऐकून वडील रागावतात, नाहीतर हसून सोडून देतात. आम्हाला वाटतं, दोन्ही करू नये. हे काम नेमकं काय आहे आणि ते कुठून सुरू होतं, हे मुलासोबत बसून पाहावं.

आम्ही अनसिंगला राहतो, उर्दू आणि मराठी शिकवतो. कॉम्प्युटर आमचा विषय नाही. पण हा प्रश्न आमच्याच घरात आला. आमच्या आपाचा मुलगा दहावी झाला आणि हट्टाला पेटला. त्याला अनेकांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम बनवायचा होता. म्हणजे एक काल्पनिक दुनिया, तिच्यात कोणी सौदागर, कोणी हकीम, कोणी पहारेकरी. प्रत्येक भूमिकेमागे कुठेतरी बसलेला खरा माणूस, आणि आपण मोबाइल बंद केला तरी ती दुनिया चालूच. त्यासाठी त्याला पाऊण लाखाचा लॅपटॉप हवा होता. सोयाबीनचा पैसा बी-खताच्या उधारीतच संपलेला. आपा म्हणाली, "भाई, माझ्या दोन बांगड्या मोडते. पोराचं मन मोडायला नको."

आम्ही म्हणालो, "आपा, एक महिना थांबा. बांगड्या कुठे पळून जात नाहीत."

त्या महिन्यात मामा-भाच्यांनी मिळून जे शिकून घेतलं, ते इथे मांडतो. अनेक घरांत आज हाच हट्ट चालू असेल.

पहिली गोष्ट कळली ती ही की या खेळांची सुरुवात महागड्या यंत्रावर झाली नाही. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला, तो टेबलाभोवती बसून कागद-पेन्सिलने खेळायचा. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे आपापली भूमिका घेऊन काय करायचं ते ठरवणार. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अशी दुनिया कॉम्प्युटरवर आणली आणि रिचर्ड बार्टल याने ती पुढे नेली. तिचं नाव 'मड'. अनेक जण एकाच वेळी तिच्यात शिरू शकत. पण तिच्यात चित्र एकही नव्हतं! सगळं शब्दांत: तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, कोणती वाट कुठे जाते. आजच्या मोठमोठ्या ऑनलाइन दुनियांचं मूळ हेच. हे वाचून आमच्यातला भाषेचा शिक्षक खूश झाला, हे सांगायला हवं.

दुसरी गोष्ट जरा कडू होती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर पोहोचला आणि त्याचं कौतुक झालं. पण त्याआधी २०१७ मध्ये लोकांकडून निधी जमवायचा त्यांचा प्रयत्न लक्ष्यापर्यंत पोहोचला नव्हता. जाणत्या कलाकारांची वर्षांची मेहनत त्यात गेली, आणि हा खेळ तर एकट्याने खेळायचा. अनेकांचा खेळ त्याहून अवघड. तेव्हा दहावी झालेल्या मुलाने एकट्याने सहा महिन्यांत फ्री फायरसारखं काही उभं करणं होणारं नाही. हे त्याला स्पष्ट सांगितलं. चेहरा पडला. मग आम्ही म्हणालो, "बेटा, विहीर खोदणारा आधी जागा पाहतो. आपण कागदावर सुरू करू."

खेळाची गोष्ट आमच्या वऱ्हाडातलीच घेतली. १४९० च्या सुमारास इथे इमादशाही उभी राहिली, तिची राजधानी अचलपूर. वाशीमहून अचलपूरला कापसाचा काफिला न्यायचा, एवढाच डाव. चार भूमिका: सौदागर, गाडीवान, हकीम, पहारेकरी. वाटेत पूर, आजारपण, लुटारू. काय घडणार ते डब्यातल्या चिठ्ठ्यांवरून ठरायचं. मगरिबनंतर एक तास, चुलत-मामे भावंडं चटईवर.

तिसऱ्याच दिवशी भांडण झालं. एकच गाठोडं दोघांनी विकलं, आणि दोघंही म्हणतात पैसे माझे. तेव्हा भाची म्हणाली, "मामू, हिशोब मी ठेवते. माझ्या वहीत असेल तेच खरं." ती खेळायची थांबली आणि वही घेऊन बसली. भांडणं मिटली.

ऑनलाइन खेळाचं मर्म याच वहीत आहे. तिलाच सर्व्हर म्हणतात. सोयाबीन विकायला नेलं तर वजन शेतकऱ्याने सांगून चालत नाही, व्यापाऱ्याने सांगूनही नाही, काटा सांगतो. तसंच इथे. खेळाडूच्या मोबाइलने "माझ्याकडे हजार नाणी आहेत" असं सांगायचं नाही. त्याने फक्त विचारायचं, "मला कापूस विकायचा आहे." कापूस आहे का, हे सर्व्हरने आपल्या वहीत पाहून ठरवायचं. जिथे मोबाइलच्या शब्दावर विश्वास ठेवला, तिथे फसवणूक शिरली. आणि लाईट गेली तरी वही पुसली जाऊ नये, म्हणून हिशोब वेळोवेळी साठवून ठेवायचा.

महिनाभरात नियमांची एक अख्खी वही भरली. पुढच्या पायऱ्या त्यावरच चढता येतात. आधी पायथन ही मोफत भाषा शिकायची आणि तोच काफिला शब्दांत, एकट्याने खेळण्यापुरता लिहायचा. साधा जुना कॉम्प्युटर त्याला पुरतो. पायथनमध्ये मराठी आणि उर्दू मजकूरही ठेवता येतो. मग चित्रांसाठी गोडो हे साधन घ्यायचं. तेही मोफत आहे, कमाईत वाटा मागत नाही, आणि त्याची चौथी आवृत्ती उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्याही दाखवते. नेदरलँड्सच्या केनी या नावाने मोफत वापरायचे चित्रसंच मिळतात, त्यामुळे चित्रकार नसला तरी अडत नाही. त्यानंतर एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन यंत्रं जोडून दोघांनी एकमेकांना पडद्यावर चालताना पाहायचं. इंटरनेटचाही खर्च नाही. दोघांचं नीट चाललं की चौघांचं. भाड्याचा सर्व्हर ही शेवटची पायरी आहे.

आपाच्या बांगड्या तिच्या हातातच आहेत. एका नातेवाइकाकडे पडून असलेला जुना कॉम्प्युटर भाच्याला मिळाला. त्याचा शब्दांतला काफिला वाशीमहून निघाला आहे, अचलपूर अजून लांब आहे. त्याने अकरावीला विज्ञान शाखेत नाव घातलंय आणि अभ्यासाची वेळ स्वतःच ठरवली, कारण गणिताशिवाय हे काम पुढे जात नाही, हे त्याला आता आमच्यापेक्षा जास्त पटलंय. भाची मात्र विचारते, "वही माझी, मग गेम एकट्या भाईजानचा कसा?" तिचं म्हणणं खरं आहे. दोघांची नावं लिहायचं ठरलंय.

एक गोष्ट पालकांनी आधीच बोलून घ्यावी, ती म्हणजे पैसा. अनेक खेळांत पैसे देऊन बंद पेटी विकत घ्यायची असते. आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. भारतातही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. आपल्या घरांत तर मैसिर म्हणजे काय हे लहानपणापासून सांगितलं जातं. मेहनतीची किंमत घ्यावी, खेळ किंवा त्यातला पोशाख उघड किमतीला विकावा. दुसऱ्याच्या मुलाच्या आशेवर कमाई करू नये. तसंच खेळणाऱ्या मुलांचे फोटो, फोन नंबर गोळा करू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते.

म्हणून आमची विनंती एवढीच. मुलगा किंवा मुलगी "गेम बनवणार" म्हणाली तर लगेच दुकानात जाऊ नका आणि मोबाइलही हिसकावू नका. एक शंभर पानी वही द्या. गोष्ट कुठली, भूमिका कोणत्या, नियम काय, हिशोब कोण ठेवणार, हे लिहायला सांगा आणि एक संध्याकाळ तुम्हीही चटईवर बसून खेळा. वही अर्ध्यावर राहिली, तर कर्ज वाचलं. वही भरली आणि मूल दुसरी मागायला आलं, तर मात्र त्याच्यासाठी जुन्या कॉम्प्युटरचा शोध सुरू करायला हरकत नाही.