बेडा आणि बेकू

बंगळूरमध्ये काही वर्षे काढलेल्या मराठी माणसाला कन्नडमधले दोन शब्द आपोआप येतात : ‘बेडा’ म्हणजे नको आणि ‘बेकू’ म्हणजे हवे. लोकांच्या आग्रहाने शहराची वाहतूक कितपत सुधारते, याचा अभ्यास करताना मला या दोन शब्दांचाच अधिक उपयोग झाला.

२०१६ साली राज्य सरकारने बसवेश्वर चौक ते हेब्बाळ असा सुमारे पावणेसात किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल योजला. त्यासाठी आठशेहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. १६ ऑक्टोबर रोजी हजारो नागरिकांनी ‘बेडा’ म्हणत मानवी साखळी केली. हरित लवादाची स्थगिती आली आणि मार्च २०१७ मध्ये सरकारने पूल रद्द केला. अवघे साडेचार महिने! एखादी नस्ती कोणत्या विभागाची, हे ठरायलाही आमच्याकडे कधीकधी इतका अवधी लागतो.

त्याच सुमारास ‘चुकू बुकू बेकू’ ही घोषणा घुमू लागली. चुकू बुकू म्हणजे आपली झुकझुक. मुंबईची लोकल गृहीत धरणाऱ्या आपल्याला नवल वाटेल, पण एवढ्या मोठ्या शहराला स्वतंत्र उपनगरी रेल्वे नव्हती. रूळ केंद्राचे, रोजचा प्रवासी राज्याचा. पूल नाकारायला एका सरकारची संमती पुरली. रेल्वेसाठी जमीन, खर्चाची वाटणी आणि कर्ज यांवर दोघांचे एकमत व्हावे लागले. १४८ किलोमीटरच्या, १५,७६७ कोटींच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. जून २०२२ मध्ये पायाभरणी झाली, चाळीस महिन्यांची मुदत जाहीर झाली. मार्गांना संपिगे, मल्लिगे, पारिजात अशी फुलांची सुरेख नावेही मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मुदत उलटली, तेव्हा एकाही मार्गावर गाडी धावलेली नव्हती.

प्रशासनातला माणूस म्हणून मला यात नागरिकांचा दोष दिसत नाही. मंजुरी मिळाली की आंदोलन जिंकले, असा समज आम्हीच पसरू देतो. त्यानंतरचे जमीन हस्तांतर, निविदेतील अटी, रेल्वेच्या परवानग्या हे सारे बंद दाराआड चालते, आणि वर्षे तिथेच जातात. कोणती जमीन कोणाच्या सहीसाठी अडली आहे, याचा तक्ता दरमहा स्थानकावर लावायला फारसा खर्च येत नाही. व्हाइटफील्डहून रोज दोन-दोन तास बसमध्ये घालवणारा माणूस तो नक्की वाचील, आणि पुढची साखळी कोणत्या कार्यालयासमोर धरायची, हेही त्याला कळेल.