आग्रह

कुत्रा म्हटला की त्याची भूक आपण गृहीतच धरतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलो. महाभारताच्या आदिपर्वात तर सरमेच्या पिल्लाने हविर्द्रव्य चाटलेले नसतानाही जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. त्यामुळे आमच्या तेरा वर्षांच्या कुत्र्याने अन्नाकडे पाठ फिरवली, तेव्हा त्या नकाराचा अर्थ लावायला परंपरेतले काहीच हाताशी नव्हते. येणारे-जाणारे 'रुसला असेल' एवढेच म्हणत.

रक्ततपासणीने निराळा अर्थ सांगितला. मूत्रपिंडे निकामी होत चालली की टाकाऊ द्रव्ये रक्तात साचतात, मळमळते आणि अन्नाचा वासही नकोसा होतो. पशुवैद्यांनी मळमळीवर औषध दिले. अन्न किंचित कोमट करून, थोडे थोडे, दिवसातून चार वेळा ठेवायला सांगितले. पाव तासात तोंड लावले नाही तर ताटली उचलायची. बळेच भरवायचे नाही, कारण मळमळत असताना भरवलेल्या अन्नाचाच कुत्र्याला तिटकारा बसू शकतो.

हे शेवटचे पथ्य आम्हांला जड गेले. पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक जिलबी वाढणे, हीच आमच्याकडे मायेची भाषा. आता ताटली ठेवून आम्ही दुसऱ्या खोलीत जातो. कधी चाटण्याचा आवाज येतो, कधी येत नाही. येत नाही त्या दिवशीही त्याच्या शेजारी जाऊन बसतो. हात मात्र रिकामे ठेवून.