चारांत एक

‘खाण तशी माती’ ही म्हण ज्या कोणी रचली, त्याने वाटाणे मोजले नव्हते एवढे नक्की. पोर हुशार निघाले की ते बापाच्या वळणावर जाते. दुखणाईत निघाले की सगळ्यांना खाण आठवते!

वाटाणे मोजणारा होता ग्रेगोर मेंडेल. हल्लीच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरी तो मठात राही आणि शाळेत शिकवी. १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत तो नापास झाला. १८५६ साली पुन्हा बसला, तेव्हाही प्रमाणपत्र हाती आले नाही. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची, तेव्हा या गृहस्थाविषयी मला जरा अधिक जिव्हाळा वाटतो. त्याच वर्षी त्याने गोल दाण्यांच्या वाटाण्याचा सुरकुतलेल्याशी संकर मांडला. पहिल्या पिढीत सारे दाणे गोल. मग सुरकुती गेली कुठे? ते दाणे पेरून त्याने पुढची पिढी मोजली : ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. सुमारे तिनास एक. सुरकुती मेली नव्हती, गोल दाण्याच्या पोटात दडून बसली होती. गुणाचे घटक दोन, एक आईकडचा, एक बापाकडचा. प्रभावी असेल तो दिसतो. अप्रभावी मात्र दोन्हीकडून आला तरच उघडा पडतो. आज या घटकांना आपण जनुके म्हणतो. मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला, आणि जगाने तो वाचला १९०० साली!

मुले हे पाठ करून गुण मिळवतात. पण आमच्या विदर्भात हाच धडा शाळेबाहेर सिकलसेलच्या रूपाने भेटतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग ठणकते, रक्त कमी पडते. हा विकार सुरकुतलेल्या दाण्याच्याच वाटेने चालतो. आईबाप वाहक असले तरी सहसा धडधाकट असतात.

शेजारची सून एकदा म्हणाली, “गुरुजी, डॉक्टर म्हणाले चारांत एक. तो एक तर झाला. आता पुढचे चांगलेच निघतील ना?” मागे सासू उभी होती. ती म्हण तिच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती.

मी दोन चिंचोके एका बाजूने दगडावर घासले. एक तुझा, एक तुझ्या नवऱ्याचा. दोन्ही पांढरे पडले तर दुखणे. (घासलेला चिंचोका अगदी निःपक्षपाती असतो असे मी शपथेवर सांगणार नाही.) तिने टाकले. तिसऱ्या खेपेला दोन्ही पांढरे, आणि लगेच चौथ्यालाही! चिंचोक्याला मागचा डाव आठवत नाही. चारांत एक हा रेशनचा हिशेब नव्हे; दर खेपेला तो नव्याने चारांत एकच असतो. मेंडेलपुढे ७३२४ दाणे होते, आपल्या घरात दोन-तीन लेकरे. “दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना गाठ,” मी म्हटले, “पोटातल्या गर्भाचीही तपासणी होते.”

सासूने एक चिंचोका उचलला. “म्हणजे माझ्या लेकाकडनंही एक?”

“एकट्या आईकडून हे दुखणे येतच नाही, आजी.”

ती बोलली नाही. चिंचोका उलटसुलट करीत राहिली. धाकटा दीर दारात होता. त्याच्यासाठी मुली पाहणे चालू आहे. आधी रक्त तपासून घे, असे मी त्याला सांगितले.

“मला तर काहीच होत नाही,” तो म्हणाला.

मी त्याच्यापुढे एक काळी आणि एक पांढरी बाजू मांडली.