शेलू बाजार ते शांघाय, बजेटमध्ये!

‘‘तुयं ते लॅपटॉप उघड अन् चीनचं तिकीट पाह्य.’’

2025 ची दिवाळी. भाऊबीजेचं ताट अजून पुरतं रिकामंही झालं नव्हतं आणि दादानं बॉम्ब टाकला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वाशिमला त्याचं धान्य साफ करायचं छोटं युनिट आहे. मी पुण्यात हिंजवडीला दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा प्राणी. घरच्यांच्या मते ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणजे त्याला रेल्वेपासून विमानापर्यंत सगळं स्वस्तात मिळालंच पाहिजे.

‘‘चीन? फिरायला?’’

‘‘फिराले नाई बे. मशीन पाहाले.’’

आता थोडं बॅकग्राउंड. वाशिम म्हटलं की अजूनही अनेक पुणेकर ‘वाशी का?’ असं विचारतात. तर नाही. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाकाटकांची एक राजधानी, जुनं वत्सगुल्म, ते हेच. एरवी सोयाबीन आणि तुरीचा पट्टा. पण गेल्या काही वर्षांत इथे चिया आलाय. हो, तोच! तुमच्या जिमवाल्या मैत्रिणीच्या पाण्याच्या बाटलीत फुगून बसलेला. दाणा इतका बारीक की त्यातली माती, काडी, खडा वेगळा करायचा तर साधी चाळणी पुरत नाही. त्याला लागतं कलर सॉर्टर. कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि नको तो दाणा हवेच्या फटकाऱ्यानं उडवतो. दादाला चीनमधल्या एका विक्रेत्यानं साडेनऊ लाखांचा भाव दिला होता. तीस टक्के ॲडव्हान्स, म्हणजे 2 लाख 85 हजार, आधी पाठवायचे.

‘‘मग पाठव की.’’

काकू मधेच म्हणाल्या, ‘‘तसंच म्हणून त्या मार्केटातल्या पोरानं पाठवले होते. मशीन आली दुसरीच. आता ते पोरगं बापाच्या नजरेले नजर देत नाई.’’

सगळे गप्प. दादा हळूच बोलला, ‘‘मले आपल्या डोयानं पाहाची हाय. दीड लाखात दोघांचं बसव. त्याच्यावर एक रुपया नाई.’’

स्वस्त, पण कुठलं?

मी लगेच कामाला लागलो. टायमिंग तर सॉलिड होतं. 2020 पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं त्याच आठवड्यात पुन्हा सुरू होत होती. 26 ऑक्टोबरला कोलकाता ते ग्वांगझाऊ, इंडिगो. मी खुश! अकोल्याहून गीतांजली एक्सप्रेस पकडायची, हावड्याला उतरायचं, रात्रीचं विमान आणि पहाटे चीन. वाशिमकरासाठी यापेक्षा स्वस्त काय असणार? ग्वांगझाऊला कँटन फेअर भरतं, 1957 पासून. व्यापाऱ्यांची पंढरीच म्हणा ना!

दादानं एकच प्रश्न विचारला. ‘‘मशीन कुठी बनते?’’

शोधलं, तर कलर सॉर्टरचे मोठे कारखाने आन्हुई प्रांतातल्या हफेई शहरात. ग्वांगझाऊपासून हजारावर किलोमीटर. म्हणजे मी काढलेलं स्वस्त तिकीट हे नागपूरला काम असताना चेन्नईला उतरण्यासारखं. तिथून पुढचं रेल्वेभाडं, हॉटेलची जास्तीची रात्र आणि वाया जाणारा दिवस धरला तर ‘स्वस्त’ हा शब्द कधीच उडून गेला. शिवाय कँटन फेअर वसंतात आणि शरदात. आम्ही पोहोचणार तेव्हा मंडप उठलेला.

हफेईला जवळचं मोठं दार म्हणजे शांघाय. तिथून बुलेट ट्रेननं दोन-तीन तास. बस्स, शहर ठरलं.

तीन रस्ते

पहिला रस्ता ग्वांगझाऊचा, तो बाद झाला.

दुसरा, मुंबईहून निघून आग्नेय आशियात कुठेतरी विमान बदलायचं. आकडा बघून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो, इतका कमी. पण नीट पाहिलं तर ती दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटं. मधे एक तास चाळीस मिनिटं. माझ्या ऑफिसमधला एक मित्र अशाच जोडणीत अडकला होता. पहिलं विमान उशिरा आलं, दुसऱ्या कंपनीनं हात वर केले आणि नवं तिकीट ऐनवेळच्या भावानं घ्यावं लागलं. सुट्या तिकिटांत तुमची जबाबदारी कुणाचीच नसते, हा पहिला फंडा. त्यातून चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे. बॅग स्वतः उचलून पुन्हा चेक-इन करायची तर बाहेर पडावं लागतं आणि त्या देशात शिरायचे नियम आपल्याला लागू होतात.

तिसरा, दिल्लीहून थेट शांघाय. चायना ईस्टर्नची ही सेवा 9 नोव्हेंबर 2025 ला पुन्हा सुरू झाली. तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस. संध्याकाळी दिल्ली सोडायची, पहाटे शांघाय. भाडं दुसऱ्या रस्त्यापेक्षा जास्त, पण बॅग त्यातच आणि मधे उतरणं नाही.

राहिला प्रश्न दिल्लीचा. आमच्या मदतीला आला समृद्धी महामार्ग. शेलू बाजारच्या इंटरचेंजवरून चढलं की अडीच-तीन तासांत नागपूर. तिथून दिल्लीचं विमान. पण गंमत अशी की नागपूर-दिल्ली हेही सुटंच तिकीट! म्हणजे जो धोका मुंबईत टाळला, तो नागपुरात पुन्हा समोर उभा. त्यावर उपाय एकच, आदल्या दिवशी दिल्ली गाठणं. दादा कुरकुरला, ‘‘एक रात्र फुकट?’’ मी म्हटलं, ‘‘फुकट नाही, तो विमा आहे.’’ नोव्हेंबरअखेर निवडण्यामागेही हेच गणित. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात विमानं कधी सुटतील, देवालाच ठाऊक. आणि मशीन समुद्रमार्गे यायची, तर फेब्रुवारी-मार्चच्या चिया काढणीआधी ऑर्डर जायलाच हवी होती.

व्हिसा, पोतं आणि पेढे

भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा आधी काढावाच लागतो. शांघायला 240 तासांच्या ट्रान्झिट सवलतीची जाहिरात तुम्ही वाचली असेल. त्या देशांच्या यादीत भारत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. आम्ही ऑनलाइन फॉर्म भरला. कारखान्याचं निमंत्रणपत्र मागवलं. दादा विदर्भ एक्सप्रेसनं अकोल्याहून मुंबईला आला आणि आम्ही दोघं व्हिसा केंद्राच्या रांगेत. त्याच्या हातात पिशवी, पिशवीत फाइल आणि फाइलवर आधी गणपतीचं स्टिकर. पासपोर्टवर व्हिसा चिकटल्यावरच मी विमानाचं तिकीट काढलं. भाव त्या काळात थोडा वाढला, पण परतावा नसलेलं तिकीट हातात घेऊन रात्रभर टेन्शनमध्ये जागण्यापेक्षा ते परवडलं.

निघायच्या आदल्या दिवशी वाशिमला पॅकिंग बघितलं तर बॅगेत पाच किलो चिया! ‘‘मशीनमंदी टाकून पाहाले.’’ लॉजिक बरोबर, पण चीनमध्ये प्रवाशानं बियाणं बरोबर नेण्यावर बंदी आहे. विमानतळावर जप्ती, आणि वर चौकशी. कारखान्याला विचारलं, तर त्यांच्याकडे चाचणीसाठी चिया होताच. दुधाच्या पदार्थांवरही बंधनं आहेत, म्हणून काकूंचे पेढे बाहेर निघाले. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी उरली. माळकरी दादाचं अर्धं चीन त्यावरच पार पडलं.

आणि मग चीन

पहाटे पुडाँग विमानतळावर उतरलो तेव्हा आमची घड्याळं अडीच तास मागे होती. पहिली गाडी सुटेपर्यंत बाकावर बसून धपाटे खाल्ले. विमानातले तास जेमतेम सहा; पण वाशिमच्या घराचं दार ओढून घेतल्यापासून मोजलं तर दीड दिवसाहून जास्त. लांब पल्ला म्हणतात तो हाच!

हफेईतला पहिला पत्ता होता तो भाव देणाऱ्या विक्रेत्याचा. गेलो, तर कारखाना नव्हताच. एका इमारतीत दोन टेबलं, भिंतीवर मशीनचे फोटो आणि हसतमुख तरुण. मशीन दुसऱ्याकडून घेऊन विकायचे. तो काही गुन्हा नाही. पण फोटोत मात्र कारखाना त्यांचा होता. दादा काही बोलला नाही. खाली येऊन तो फुटपाथच्या कडेला बसला आणि म्हणाला, ‘‘दोन लाख पंच्याऐंशी हजार.’’ एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्हाला निमंत्रणपत्र देणाऱ्या कारखान्यात गेलो. तिथे चिया मशीनमध्ये पडला आणि दोन धारांनी वेगळा झाला. दादानं मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि दहा मिनिटं नुसता बघत राहिला. मशीन थोडं लहान निवडलं. पैसे टप्प्याटप्प्यानं, सामान चढवण्याआधी चाचणीचा व्हिडिओ, सगळं कागदावर.

परतताना शांघायची मॅग्लेव्ह. पन्नास युआन, तीस किलोमीटर, आठेक मिनिटं. पूर्वी ती ताशी 430 किलोमीटर धावायची, आता 300. ‘‘समृद्धीवर एवढी पळवली तं चालान घरी पोचते आपल्या आधी,’’ दादा म्हणाला. पूर्ण प्रवासात तो पहिल्यांदा मोकळा हसला.

हिशेब? शांघायची परतीची तिकिटं 76 हजार, नागपूर-दिल्ली 22, व्हिसा आणि मुंबईवारी 10, हॉटेलं 12, चीनमधली रेल्वे 11, खाणं आणि बाकी किरकोळ 11. एकूण 1 लाख 42 हजार. घरी पोहोचल्यावर दादानं उरलेले आठ हजार काकूंच्या हातात ठेवले. काकूंनी ते मोजले, पदराला बांधले आणि विचारलं, ‘‘त्या मार्केटातल्या पोराले सांगशील का, कसं जायाचं ते?’’

दादा त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेला.

तुम्ही जाणार असाल तर...

• आधी काम कुठल्या शहरात आहे ते ठरवा, मग तिकीट शोधा. उलटं नको.

• भाडं घरापासून मोजा. टॅक्सी, टोल, आदल्या रात्रीचं हॉटेल आणि बॅगेचे पैसे धरून.

• सुटी तिकिटं घेणार असाल तर मधे भरपूर वेळ ठेवा. शक्यतो एक रात्र.

• चिनी नववर्षाच्या सुमारास कारखाने बंद असतात आणि गाड्या तुडुंब. ग्वांगझाऊला जाताना कँटन फेअरच्या तारखा बघून घ्या. त्या दिवसांत हॉटेलं महागतात.

• अलिपे किंवा वीचॅट इथूनच सुरू करून कार्ड जोडून घ्या. चीनच्या साध्या इंटरनेटवर गुगल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. आपलं रोमिंग घेतलं तर घरी फोटो जातात.

• आणि पेढे घरीच खा.