बॅटरी किती भरायची?

कोकणात पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की दोन-दोन दिवस लाइट येत नाही. त्यामुळे चिपळूणच्या आसपास मी बॅटऱ्या बसवायला जातो तिथे पहिला प्रश्न ‘किती एएचची घेऊ?’ हाच असतो. मी उलट विचारतो, ‘काकू, काय काय बंद राहिलं तर चालेल?’ गिझर आणि इस्त्री लगेच यादीतून जातात. पंपावर घासाघीस होते. एक एचपीचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कैकपट करंट ओढतो आणि तो झटका इन्व्हर्टर आणि बॅटरीतला बीएमएस (सेलांवर नजर ठेवणारं सर्किट) दोघांनाही सोसावा लागतो. बाकी फ्रीज, तीस वॉटचे बीएलडीसी पंखे, दिवे, वायफाय यांना ५१.२ व्होल्ट, १०० एएचची, म्हणजे पाच युनिटांची बॅटरी रात्रभर आरामात पुरते.

छतावर पॅनल आहेत म्हणून निर्धास्त असलेल्यांना एक गोष्ट सांगावी लागते. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की आपणहून बंद होतो. तो बंद झाला नाही, तर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छताचा करंट बसेल. बॅकअप हवा तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिडच घ्यावा लागतो.

लिथियम बॅटऱ्यांमध्येही मी घरासाठी एलएफपीच सुचवतो. लोह-फॉस्फेटचा हा प्रकार बॅटरी-संशोधक गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतला. १९९७ च्या मूळ शोधनिबंधावर अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी ही आपल्याकडची दोन नावंही आहेत. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो, सेल तापला तरी सहजी सुटत नाही. माणसं झोपतात त्या घरात मला एवढं कारण पुरतं.

जागेवरून मात्र खल होतो. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो आणि उष्णतेने लिथियम लवकर म्हातारी होते. खाली ठेवावी, तर २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं होतं ते लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. बाजारपेठेकडच्या घरांत मी वरच्या मजल्यावरची, स्लॅब असलेली, उत्तरेकडची खोली मागतो. ती बहुधा देवघराची निघते, मग पुन्हा बोलणी.

खरं काम सेटिंगमध्ये आहे. जुन्या ट्यूबलर बॅटरीचं सेटिंग इन्व्हर्टरमध्ये तसंच राहिलं, तर इक्वलायझेशनच्या नावाखाली तो साठ व्होल्टपर्यंत चढू शकतो. इथे सोळा सेल, प्रत्येकाची कमाल ३.६५, म्हणजे ५८.४ च्या पुढे जायचंच नाही. मी ५६ वर थांबवतो आणि इक्वलायझेशन बंद करतो. त्यानंतर ॲपवर सेल बघत बसतो. पंधरा सेल ३.४२ वर शांत असतात आणि एखादा ३.६० कडे पळत सुटतो. तो कमालीला टेकला की बीएमएस चार्जिंग तोडतो, भर उन्हात. अशा वेळी व्होल्टेज थोडं उतरवून तास-दोन तास धरून ठेवलं की बॅलन्सर त्या सेलचं जास्तीचं हळूहळू जाळतो आणि बाकीचे गाठतात.

हे बॅलन्सिंग वरच्या टोकालाच नीट होतं. मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जवळपास सपाट असतं, त्यामुळे त्यावरून किती टक्के उरली तेही कळत नाही. बीएमएस करंट मोजून अंदाज करतो आणि तो अंदाज पूर्ण भरल्यावरच दुरुस्त होतो. पण वर्षभर गच्च भरून उकाड्यात पडून राहणंही सेलला मानवत नाही. म्हणून डिसेंबर ते एप्रिल मी मर्यादा ऐंशी टक्क्यांवर ठेवायला सांगतो, महिन्यातून एकदा पूर्ण भरायची, आणि वळवाचे ढग दिसू लागले की रोज शंभर.

काहींना हे पटत नाही. ‘पैसे शंभराचे घेतलेत, मग ऐंशी का?’ म्हणत ते बारा महिने शंभरच ठेवतात. त्याने लगेच काही बिघडत नाही, आयुष्य थोडं घटतं. मी वाद घालत नाही. टर्मिनलचे नट पावसाआधी एकदा तपासून घ्या, एवढं मात्र बजावून येतो.